सुवार्तेची गायिका महालियाबाई जॅक्सन

या अंकी आम्ही आपणांपुढे एका अमेरिकन गायिकेचे चरित्र ठेवीत आहोत. गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत करमणुकीच्या व्यापाराला जे विशाल रूप आले, तसे त्यापूर्वी जगात कोठेही आले नव्हते. तबकडी, रेडिओ, बोलपट व दूरचित्रवाणी या चार वाटांनी एका माणसाचा आवाज एकाच रात्री लक्षावधी घरांत शिरू लागला, आणि ज्याचा आवाज लोकांना आवडे त्याच्या दारी पैशाची रास पडू लागली. अशा बाजारात देवाचे गीत घेऊन जाणे सोपे नव्हते. तेथे गेलेले पुष्कळ जण गीत विसरून बाजाराचेच झाले. महालियाबाई जॅक्सन त्या बाजारात पंचवीस वर्षे वावरल्या, श्रीमंत व जगविख्यात झाल्या. परंतु आपले गीत कोठे गावे व कोठे गाऊ नये, हा निर्णय त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही. तो निर्णय त्यांनी कसा केला व त्यासाठी त्यांना काय सोसावे लागले, हेच आम्हास सांगावयाचे आहे.

महालियाबाईंचा जन्म २६ ऑक्टोबर १९११ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेस लुइझियाना संस्थानातील न्यू ऑर्लिन्स शहरी झाला. मिसिसिपी नदीच्या काठी एकापुढे एक अशा तीन खोल्यांचे त्यांचे घर होते, आणि त्यात तेरा माणसे राहत. आईचे नाव चॅरिटी. वडील गोदीत माल चढविण्या-उतरविण्याचे काम करीत, फावल्या वेळी लोकांचे केस कापीत, आणि रविवारी उपदेशही करीत. मात्र त्यांचे बिऱ्हाड निराळे होते. महालियाबाईंचे दोन्हीकडील आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले होते. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती खरी, तरी तिची सावली सरली नव्हती. याच लुइझियानातील आगगाडीच्या डब्याच्या एका खटल्यात, १८९६ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांचे व काळ्यांचे डबे निराळे ठेवणे कायदेशीर ठरविले होते. मग शाळा निराळ्या, दवाखाने निराळे, पाण्याचे नळ निराळे, आणि पुष्कळ ठिकाणी देवाची मंदिरेही निराळी झाली. आपल्या वाचकांना निराळा पाणवठा म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

महालिया पाच वर्षांची असता तिची आई वारली. तिचे व तिच्या भावाचे संगोपन एका मावशीने केले. ही मावशी मोठी कडक होती. घरात धूळ राहिली की पाठीवर छडी बसे. घरात शब्बाथ पाळला जाई आणि करमणुकीची गाणी गाण्यास बंदी असे. मुलीचे शिक्षण फार झाले नाही. लहानपणीच शाळा सुटून परक्यांचे कपडे धुणे व इस्त्री करणे हे काम हाती आले. परंतु तिचा आवाज मोठा होता, आणि बाप्टिस्ट मंडळीच्या बालगायकवृंदात तिला गावयास मिळे.

तिच्या गाण्याचे खरे शिक्षण दोन ठिकाणी झाले असे म्हणावे लागेल. त्यांच्या घराच्या शेजारीच गरिबांची एक लहानशी पवित्रतावादी मंडळी जमत असे. तिच्याजवळ ना ऑर्गन होता, ना शिकविलेला गायकवृंद. ढोल, झांजा, खंजिरी, टाळ्या आणि पायांचा ठेका एवढेच तिचे वाद्यवैभव. तथापि सर्व मंडळी अंतःकरणापासून गात असे. तो ठेका महालियेच्या हाडांत भिनला. दुसरे ठिकाण म्हणजे तबकड्या. मावशी घरात नसली म्हणजे मुलगी बेसी स्मिथ नावाच्या प्रसिद्ध गायिकेच्या तबकड्या चोरून ऐके. ही गायिका ब्लूज म्हणजे काळ्या लोकांची दुःखाची व विरहाची लौकिक गाणी गात असे. तिचा खोल, भरदार स्वर मुलीने उचलला. पुढे हा स्वर आणि तो ठेका एकत्र येऊन जे निघाले, त्याने अमेरिकेच्या उपासनेचे गाणे बदलून टाकले.

त्या काळी दक्षिणेतील लाखो काळे लोक कामधंद्यासाठी व थोड्या मोकळ्या हवेसाठी उत्तरेच्या शहरांकडे जात होते. १९२७ साली, सोळा वर्षांची असता, महालियाही दुसऱ्या एका मावशीबरोबर शिकागोस गेली. परिचारिका व्हावे अशी तिची इच्छा होती; पण पोटासाठी धुणी-भांडी व इस्त्रीच करावी लागली. तेथे ती ग्रेटर सेलम बाप्टिस्ट मंडळीत जाऊ लागली. मंडळीच्या पाळकांच्या मुलांनी गाणाऱ्यांचा एक लहान संच केला होता, त्यात ती मिळाली. हा संच मंडळ्यामंडळ्यांतून गात फिरे आणि दानपात्रात जे पडे ते वाटून घेई. तो भयंकर मंदीचा काळ होता. कारखाने बंद पडले होते, पेढ्या बुडाल्या होत्या, आणि अशा दिवसांत जी मंडळी भाकरीसाठी रांगेत उभी राही, तीच संध्याकाळी हे गाणे ऐकून घरी जाई.

येथे आम्हास एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. या मुलीच्या गाण्याला पहिला विरोध मद्यगृहातून किंवा नाटकगृहातून झाला नाही; तो देवाच्या मंदिरातून झाला. शिकागोतील मोठ्या काळ्या मंडळ्यांतील सुशिक्षित लोक गोऱ्यांच्या मंडळ्यांप्रमाणे शांतपणे, पुस्तकात पाहून, युरोपी चालीवर गाऊ लागले होते. गुलामगिरीच्या शेतांवर जन्मलेले टाळ्यांचे व हेलकाव्याचे गाणे त्यांना लाजिरवाणे वाटे. ही तरुणी गाताना हात वर करी, पायाने ठेका देई, घामाघूम होई. एका पाळकाने तर व्यासपीठावरून तिच्या गाण्याचा उघड निषेध केला. तिने तेथेच उभे राहून स्तोत्रसंहितेचा दाखला दिला आणि टाळ्या वाजवून देवाची स्तुती करणे शास्त्रात आहे हे दाखविले. १९३२ साली तिने चार डॉलर देऊन एका संगीतशिक्षकाकडे धडा घेतला. त्याने ती ओरडते, असे गाणे काळ्या लोकांना भूषणावह नाही, गोऱ्यांनाही समजेल असे गावे, असा उपदेश केला. कपडे धुणाऱ्या मुलीला चार डॉलर म्हणजे मोठी रक्कम होती. ती पुन्हा त्याच्याकडे गेली नाही, किंबहुना पुढे जन्मभर दुसऱ्या कोणाकडेही गाणे शिकावयास गेली नाही.

वाचकहो, यावर थोडे थांबून विचार करावा. ढोलकी व टाळ उपासनेत शोभतात की नाही, खेड्याची चाल मंदिरात आणावी की नाही, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांनाही नवा नाही. काळ्या मंडळ्यांतील ते पाळक वाईट माणसे नव्हते. ज्या जगाने आपणांस तुच्छ लेखले, त्याच्या डोळ्यांत आपण सभ्य दिसावे, एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु त्या इच्छेपायी त्यांनी आपल्याच आजी-आजोबांच्या अश्रूंचे गाणे दाराबाहेर ठेविले. ते महालियाबाईंनी आत आणिले.

या कामी त्यांना एक जोडीदार लाभला. थॉमस डॉर्सी हे पूर्वी मद्यगृहांत पियानो वाजवून ब्लूज गात असत. १९३२ साली त्यांची पत्नी बाळंतपणात वारली व लागलीच नवजात मुलगाही गेला. त्या शोकातून त्यांनी, प्रभूने आपला हात धरून चालवावे अशा प्रार्थनेचे एक गीत रचिले. ते पुढे जगभर पसरले. डॉर्सींनी शेकडो गीते केली. मजकूर सुवार्तेचा आणि चाल लोकांच्या ओळखीची, हे त्यांच्या गीतांचे स्वरूप होते. अशा गीतांना तिकडे गॉस्पेल असे नाव पडले. महालियाबाई व डॉर्सी मंडळ्या व परिषदा यांतून एकत्र फिरत. बाई गात, आणि डॉर्सी त्या गीतांचे छापील कागद थोड्या सेंटांना विकीत.

१९३७ साली डेका नावाच्या कंपनीने महालियाबाईंच्या पहिल्या तबकड्या काढल्या. त्या फारशा खपल्या नाहीत. तेव्हा कंपनीने ब्लूज गाण्याची सूचना केली. बाईंनी नकार दिला आणि कंपनीने त्यांना सोडून दिले. याच सुमारास घरातही हाच प्रश्न उभा राहिला. १९३६ साली त्यांचा विवाह आयझॅक हॉकनहल यांच्याशी झाला होता. ते रसायनशास्त्र शिकलेले गृहस्थ होते. पण मंदीत त्यांना शिक्षणाजोगे काम मिळत नव्हते. एवढा आवाज मंडळ्यांत फुकट घालविणे त्यांना पटत नसे. त्यांच्या आग्रहावरून बाई एका संगीत नाटकाच्या निवडीस गेल्या व त्यांची निवडही झाली. घरात पैशाची निकड होती. इतक्यात पतीस काम लागले, आणि बाईंनी ते नाटकाचे काम नाकारिले. हा विवाह पुढे टिकला नाही. बाईंनी केशरचनेचे शिक्षण घेऊन स्वतःचे दुकान काढिले, नंतर फुलांचेही दुकान काढिले. आठवडाभर त्या केसांचे व फुलांचे काम करीत, आणि रविवारी गात. गाणे विकल्याशिवाय पोट भरता यावे, म्हणजे नाही म्हणण्याचे बळ आपल्या हाती राहते, हे त्यांनी लवकर ओळखिले होते. आम्हास त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी वाटते.

१९४७ साली त्यांचा काळ पालटला. अपोलो नावाच्या एका लहान कंपनीसाठी त्यांनी पाळक हर्बर्ट ब्रूस्टर यांनी रचिलेले एक गीत गाइले. स्वर्गाकडे एकेक पायरी वर चढण्याचा त्यात आशय होता. आणि काळ्या लोकांना त्यात या जगातील वर चढण्याचाही अर्थ ऐकू आला. ती तबकडी लाखोंनी खपली. दुकानदारांना माल पुरविता येईना. शिकागोतील रेडिओवर स्टड्स टर्केल नावाचे एक गोरे निवेदक ती तबकडी वारंवार लावू लागले, आणि जे कधी काळ्यांच्या मंडळीत गेले नव्हते त्यांच्याही कानी तो आवाज पडला. ऑक्टोबर १९५० मध्ये न्यूयॉर्क येथील कार्नेगी हॉल या अमेरिकेतील अत्यंत प्रतिष्ठित सभागृहात बाईंचे गाणे झाले. जागा भरून लोकांना रंगमंचावरही बसवावे लागले. लोक उठून डोलू लागले, तेव्हा आपणा सर्वांना येथून बाहेर घालवितील की काय, अशी भीती वाटून बाईंनी स्वतःला व लोकांना हसतहसत आवरिले.

आता मोठमोठ्या शहरांतील नाइट क्लबांचे मालक त्यांच्या दारी येऊ लागले. लास व्हेगास हे शहर जुगार, मद्य व करमणूक यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मालक आठवड्याला हजारो डॉलर देऊ करीत, आणि कार्यक्रम चालू असता मद्य वाढणार नाही असेही कोणी म्हणत. बाईंनी ही बोलावणी एकामागून एक परत पाठविली. त्यांचे म्हणणे साधे होते. ब्लूज हे निराशेचे गाणे आहे. ते गाऊन झाले तरी माणूस जेथल्या तेथे राहतो. सुवार्तेचे गीत आशेचे आहे. त्याने मनाचा भार उतरतो. जो माणूस मद्यात आपले दुःख बुडविण्यासाठी बसला आहे, त्याच्यापुढे हे गीत पेल्याबरोबरची चटणी म्हणून ठेवावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्या माणसाचा त्यांना तिरस्कार नव्हता. रस्त्यात, मंडळीत, रेडिओवर, कोठेही त्याच्यासाठी गाण्यास त्या तयार होत्या. नकार होता तो गीताच्या त्या उपयोगाला.

येथे कोणी विचारील की, मग कार्नेगी हॉलात जाणे व दूरचित्रवाणीवर गाणे हे तरी कसे चालले? हा प्रश्न त्या काळी मंडळ्यांनीही विचारिला. १९५२ साली एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या गाइल्या, १९५४ साली कोलंबिया या बड्या कंपनीशी त्यांनी करार केला, १९५८ साली न्यूपोर्ट येथील जॅझ महोत्सवात व ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाबरोबर गाइल्या, आणि १९५९ च्या एका बोलपटात अंत्यविधीच्या प्रसंगी त्यांचे गीत घेतले गेले. कोलंबियाने त्यांच्या आवाजामागे व्हायोलिनांचा मोठा ताफा बसविला आणि गीते मवाळ केली. त्यांत आमची महालिया राहिली नाही, असे जुने ऐकणारे म्हणू लागले. ही तक्रार अगदीच खोटी नव्हती, आणि खुद्द बाईंनाही आपल्या मंडळीपुढे टाळ्यांच्या ठेक्यावर गाण्यात जे सुख वाटे ते त्या बंद खोलीत वाटत नसे. तथापि त्यांनी जी रेषा ओढिली ती इमारतीच्या नावावरून नव्हती. जेथे लोक गीत ऐकावयास येतात तेथे जावे, जेथे गीताच्या आडून दुसरेच काही विकावयाचे असते तेथे जाऊ नये, अशी ती रेषा होती. तिच्या काठावर काही प्रसंगी पाय डळमळला असेल. पण रेषा पुसली गेली नाही.

कीर्तीने कातडीचा रंग बदलत नाही, हेही त्यांना प्रत्यही दिसत होते. दक्षिणेत कार्यक्रमास जाताना वाटेतील खाणावळी त्यांना आत घेत नसत. हॉटेलात खोली मिळत नसे. त्या व त्यांच्या पियानोवादक मिल्ड्रेड फॉल्स शिदोरी बरोबर घेऊन फिरत आणि वेळप्रसंगी मोटारीतच झोपत. १९५४ साली त्यांच्या नावाचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला व लोकांना आवडला. परंतु काळ्या बाईच्या कार्यक्रमाला देशभर आश्रय देण्यास जाहिरातदार पुढे आले नाहीत. १९५६ च्या सुमारास शिकागोतील गोऱ्यांच्या वस्तीत त्यांनी एक घर विकत घेतले, तेव्हा धमक्या आल्या आणि खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. महापौरांनी घरावर पोलिसांचा पहारा बसविला, तो दीर्घकाळ राहिला. जी माणसे रात्री दूरचित्रवाणीपुढे बसून त्यांचे गीत ऐकत, त्यांतील काहींना सकाळी त्या शेजारी नको होत्या. हळूहळू गोरी कुटुंबे ती वस्ती सोडून गेली.

अशा स्थितीत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग या तरुण पाळकाची व त्यांची गाठ पडली. अलाबामा संस्थानातील माँटगोमेरी शहरी डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स या बाईंना बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूस न दिल्याबद्दल अटक झाली होती. तेव्हापासून तेथील काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला होता. वर्षभर माणसे पायी कामास जात होती. १९५६ साली बाप्टिस्ट परिषदेत डॉ. किंग व त्यांचे सोबती पाळक राल्फ ॲबरनॅथी यांनी बाईंना माँटगोमेरीस येऊन गाण्याची विनंती केली. जिवाला धोका होता हे सर्वांस ठाऊक होते. मोबदला किती घ्याल असे विचारिले असता, गरिबांच्या पायी चालण्यावर आपण पैसे घेणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्या तेथे गाइल्या व ॲबरनॅथी यांच्या घरी उतरल्या. काही आठवड्यांनी, जानेवारी १९५७ मध्ये, त्याच घरावर बाँब टाकण्यात आला. सुदैवाने घरची माणसे वाचली.

लास व्हेगासचे हजारो डॉलर नाकारणाऱ्या बाई या कामासाठी मात्र फुकट गात व वर स्वतःचे पैसे घालीत. पुढील वर्षांत डॉ. किंग जेथे सभा घेत तेथे पुष्कळदा बाई प्रथम गात आणि मग ते बोलत. मन खचले म्हणजे डॉ. किंग रात्री-अपरात्री त्यांना दूरध्वनी करीत आणि त्या दूरध्वनीवरच एखादे गीत गात. जानेवारी १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या अधिकारग्रहणाच्या आदल्या रात्री झालेल्या समारंभात राष्ट्रगीत गाण्याचा मान त्यांना मिळाला. गुलामांच्या नातीने राष्ट्राचे गीत गावे, ही गोष्ट त्या रात्री साऱ्या देशाने पाहिली.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी राजधानी वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लाख लोक काम व नागरिकत्वाचे हक्क मागण्यासाठी जमले. गुलामगिरी नाहीशी करण्याची घोषणा काढणारे अब्राहम लिंकन यांच्या स्मारकापुढे ही सभा भरली. डॉ. किंग यांच्या भाषणापूर्वी बाईंनी गुलामगिरीच्या काळचे एक जुने गीत गाइले; त्यात झिडकारले गेलेल्या माणसाचे दुःख आहे. मग डॉ. किंग लिहून आणलेले भाषण वाचू लागले. ते वाचत असता मागे बसलेल्या बाईंनी, आपल्या स्वप्नाविषयी लोकांना सांगा, असे त्यांस ओरडून सुचविले, असे तेथे जवळ असलेल्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे. डॉ. किंग यांनी कागद बाजूस सारिला आणि ते स्वप्नाविषयी बोलू लागले. ते भाषण आज जगभर शाळांतून शिकविले जाते. पुढील वर्षी, म्हणजे १९६४ साली, सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा झाला, आणि १९६५ साली मतदानाच्या हक्काचा कायदा झाला.

बाईंच्या आयुष्याची काळी बाजू झाकून ठेवणे आम्हास योग्य वाटत नाही. कार्यक्रम भरविणारे लबाड लोक काळ्या कलावंतांना फसवीत, म्हणून त्या गाण्याआधीच रोख पैसे मोजून घेत व ते अंगावर बाळगीत. हा सावधपणा पुढे कठोरपणा झाला. मिल्ड्रेड फॉल्स यांनी अनेक वर्षे त्यांना साथ केली, त्यांच्या स्वराचा श्वास ओळखिला. पण त्यांना त्या मानाने मोबदला मिळाला नाही, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. मोठ्या अन्यायाशी लढणाऱ्या माणसाच्या हातून जवळच्या माणसाला न्याय देणे राहून जाते, ही गोष्ट आम्ही पाळक व उपदेशक यांनी विशेष मनावर घ्यावी. बाईंचा दुसरा विवाहही मोडला. त्यांना मूल नव्हते. अखंड प्रवासाने त्यांचे हृदय दुबळे झाले आणि १९६४ पासून त्यांना वारंवार रुग्णालयात राहावे लागले. तरीही गरीब तरुणांना महाविद्यालयात शिकता यावे म्हणून त्यांनी आपल्या पैशातून एक निधी उभारिला. स्वतःची शाळा लहानपणी सुटली होती, याचा त्यांना विसर पडला नव्हता.

४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस शहरी डॉ. किंग यांची गोळी घालून हत्या झाली. गोळी लागण्यापूर्वी काही क्षण, त्या रात्रीच्या सभेत थॉमस डॉर्सींचे ते हात धरण्याचे गीत वाजवावे, असे त्यांनी एका वादकास सांगितले होते. ९ एप्रिल रोजी अंत्यविधीच्या दिवशी तेच गीत महालियाबाईंनी गाइले. बायको व मूल गमावलेल्या एका माणसाच्या शोकातून निघालेले गीत छत्तीस वर्षांनी एका राष्ट्राच्या शोकाला उपयोगी पडले.

१९७१ साली, प्रकृती साथ देत नसता, त्या पूर्वेकडे आल्या. जपानात त्यांनी राजघराण्यापुढे गाणे केले. त्यानंतर त्या हिंदुस्थानात आल्या आणि कलकत्ता, दिल्ली, मद्रास व आपल्या मुंबई शहरी गाइल्या. दिल्ली येथे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्यांचे गाणे ऐकिले. ज्या अहिंसेच्या लढ्यासाठी त्या इतकी वर्षे गाइल्या, त्या लढ्याने आपली रीत महात्मा गांधींच्या या देशाकडून घेतली होती. त्याच वर्षी युरोपात गात असता त्या आजारी पडल्या व शिकागोस परतल्या. शस्त्रक्रियेनंतर २७ जानेवारी १९७२ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. ग्रेटर सेलम मंडळीत, जेथे त्या मुलगी असताना गात असत, तेथे सुमारे पन्नास हजार लोकांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले. शिकागोतील अंत्यविधीच्या वेळी अरीथा फ्रँकलिन या तरुण गायिकेने डॉर्सींचेच गीत गाइले. नंतर त्यांचा देह न्यू ऑर्लिन्स येथे नेण्यात आला. ज्या शहरात त्यांना निराळ्या नळाचे पाणी प्यावे लागले होते, त्याच्या रस्त्यांवर त्यांना निरोप देण्यासाठी हजारो लोक उभे होते.

बंधुभगिनींनो, आता तबकडी व रेडिओ मागे पडले आहेत, आणि खेड्यातील मुलाच्या हातातील यंत्रातही साऱ्या जगाची करमणूक येऊन बसली आहे. आमच्या मंडळ्यांतही गोड गळ्याचे तरुण आहेत. त्यांनाही लग्नमंडपातून, मेळ्यांतून, निवडणुकीच्या सभांतून बोलावणी येतात व पैसे दाखविले जातात. त्यांना सरसकट मना करणे हा सोपा मार्ग आहे, आणि सरसकट मोकळे सोडणे त्याहून सोपा. महालियाबाईंच्या चरित्रातून तिसरी वाट दिसते. त्या तरुणास आपण असे विचारावे की, हे गाणे तेथे कशाच्या कामी लागणार आहे? नाही म्हणण्याची पाळी आली, तर पोटासाठी दुसरे काही काम हाताशी आहे काय? आणि तुझ्या मागे जो ढोलकी वाजवितो, त्याचा वाटा त्यास पोचतो काय? मंडळीच्या वडीलजनांसही आमचे एक मागणे आहे. एखादी गरीब मुलगी आपल्या आजीच्या चालीवर, टाळ्या वाजवीत, देवाचे गीत गाऊ लागली, तर तिला प्रथम गाऊ द्यावे. शिकागोच्या त्या पाळकांनी जिला गप्प बसविण्याचा यत्न केला, तिच्याच गाण्याने पुढे त्यांच्या लोकांना चालण्याचे बळ आले.